जपानी चित्रांतली माकडं, मांजरं आणि रस्त्यावरचे खेळवाले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतीवर होकुसाई या जपानी चित्रकाराची लाट टांगलेली पुष्कळ घरं मी बघितली आहेत. अशा घरात चहा येईपर्यंत लाटेबद्दल बोलणं होतं. मग मी मोबाइल काढतो आणि दुसरी चित्रं दाखवायला लागतो: लाल अंगरखा घातलेलं माकड, साबणाचे फुगे विकणारा मासा, डोक्यावर सिंहाचा मुखवटा बांधून हातांवर उभी राहिलेली पोरं. त्यानंतर जे प्रश्न येतात ते बहुतेक ठरलेले असतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो आहे.

ही चित्रं लहान मुलांसाठी काढलेली आहेत का?

नाही. थोडी मुलांसाठी होती, पण बहुतेकांचं गिऱ्हाईक मोठं माणूसच. चित्र गोंडस दिसलं की आपण तिथेच थांबतो, आणि तिथेच फसतो.

प्राणी माणसांसारखे वागताना जपानी चित्रांत कधीपासून दिसतात?

निदान आठशे वर्षांपासून. क्योटोजवळच्या डोंगरात कोझान-जी नावाचं बौद्ध मंदिर आहे. ‘चोजू-गिगा’ म्हणजे ‘पशुपक्ष्यांची थट्टाचित्रं’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार गुंडाळ्या त्याच्या मालकीच्या आहेत. त्या १२व्या-१३व्या शतकातल्या. नुसती काळी शाई, रंग नाही, एका अक्षराचा मजकूर नाही. पहिली गुंडाळी ११ मीटरहून लांब आहे आणि तीच सगळ्यांत प्रसिद्ध. तिच्यात ससे, बेडूक आणि माकडं ओढ्यात डुंबतात, नेमबाजी करतात, कुस्ती खेळतात. कुस्तीत बेडूक सशाचा कान चक्क दातांत धरतो. पुढच्याच दृश्यात ससा उताणा पडलेला, आणि जिंकलेल्या बेडकाच्या तोंडातून श्वासाच्या रेघा निघताहेत. आजच्या कॉमिकमध्ये काढतात तशाच.

याच गुंडाळीत दोन जागा नीट बघाव्यात. एका ठिकाणी माकड भटजी होऊन बसलं आहे आणि समोर बेडूक बुद्धाच्या मुद्रेत, पाठीमागे प्रभावळीसारखं पान. दुसऱ्या ठिकाणी बेडूक ‘देन्गाकू’ नाचताहेत. देन्गाकू हे मूळचं भातलावणीच्या वेळचं वाजवणं-नाचणं. पुढे त्याची धंदेवाईक पथकं झाली, शहरात आली, आणि १०९६ साली क्योटोत तर त्याचं असं वेड पसरलं की दरबारातली माणसंही रस्त्यावर नाचत सुटली. आपल्याला बेडकाचा नाच दिसतो. काढणाऱ्याच्या काळातल्या माणसाला त्यात गल्लीतलं पथक दिसत असणार.

चित्रकार कोण? परंपरेने तोबा सोजो या धर्मगुरूचं नाव घेतलं जातं, पण गुंडाळ्यांत वेगवेगळे हात दिसतात आणि त्या नावावर आज फारसं कोणी पैज लावत नाही.

आणि रस्त्यावरचे खेळवाले? ते कधी आले?

ते तर प्राण्यांच्याही आधी. नारातल्या शोसोइन या ८व्या शतकातल्या राजभांडारात एक धनुष्य आहे. बाणांचं नव्हे, गोळ्या मारायचं. त्याच्या आतल्या बाजूवर बारीक शाईने कसरतपटू आणि वादक काढले आहेत. चीनमार्गे आलेल्या या खेळांना ‘सान्गाकू’ म्हणत. जपानात त्याचंच ‘सारुगाकू’ झालं, आणि सारु म्हणजे माकड. शब्द घसरला आणि माकड बनला. याच सारुगाकूतून १४व्या शतकात नो हे गंभीर नाट्य उभं राहिलं.

पुढे १५व्या शतकाच्या शेवटी एक मजेदार प्रकार लोकप्रिय झाला: धंदेवाल्यांच्या काल्पनिक काव्यस्पर्धा. सुतार, लोहार, तेली असे दोघे-दोघे समोरासमोर बसवायचे, त्यांच्या तोंडी कविता घालायच्या आणि चित्र काढायचं. १४९४च्या सुमाराच्या बत्तीस जोड्यांच्या स्पर्धेत सिंहनाचवाला आहे, माकडवाला आहे, चित्र दाखवून कथा सांगणारा आहे. दरबारी कवींनी माकडवाल्याच्या तोंडी शिष्ट छंदातली कविता घातली, यात थट्टा किती आणि माया किती हे ठरवणं अवघड आहे. दोन्ही असावं.

१७व्या शतकात घडीच्या उभ्या पडद्यांवरची मोठी चित्रं येतात. क्योटोच्या शिजो पुलाजवळ कामो नदीचं कोरडं पात्र म्हणजे कायमची जत्राच. टोकियोच्या सेइकादो संग्रहातल्या पडद्यावर ती जत्रा आहे: बायकांचं काबुकी नाट्य, उड्या मारणारी कुत्री, आणि एका तंबूत साळिंदर. साळिंदर बघायला पैसे मोजणाऱ्यांची तोंडं मला साळिंदरापेक्षा जास्त आवडतात.

सगळीकडे माकडवालाच का दिसतो?

कारण तो फक्त करमणूकवाला नव्हता. त्याला ‘सारुमावाशी’ म्हणतात, म्हणजे माकड फिरवणारा. जुनी समजूत अशी की माकड घोड्याचं रक्षण करतं, रोगराई दूर ठेवतं. म्हणून तबेल्यात माकड बांधून ठेवायची पद्धत होती. १६व्या शतकातले ‘तबेल्याचे पडदे’ म्हणून ओळखले जाणारे पडदे आहेत. त्यांत एकेका ठाणात देखणा घोडा, आणि त्यांच्यात कुठेतरी दोरीने बांधलेलं माकड. पहिल्यांदा बघताना ते नजरेतून सुटतं.

एदो म्हणजे आजचं टोकियो. एदोच्या काळात, म्हणजे १६०३ ते १८६८, नववर्षाला माकडवाले शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, तबेल्यात जाऊन माकड नाचवत. घोड्यांसाठीचा विधीच तो. तोच माकडवाला दुसऱ्या दिवशी गल्लीत दारोदार फिरे, चार नाणी आणि मूठभर तांदूळ घेई. विधी आणि पोटापाण्याचा खेळ यांच्यातली भिंत अशी पातळ होती.

चित्रांत तो ओळखायचा कसा? पाठीवर किंवा खांद्यावर माकड, हातात बारीक काठी, कधी छोटा ढोल, कापडात बांधलेलं गाठोडं. माकडाच्या अंगात बिनबाह्यांचा अंगरखा, बहुधा लाल. आणि दोरी. चित्रकार किती चांगला आहे हे मी दोरीवरून बघतो. कच्चा चित्रकार एक रेघ ओढून माणूस आणि माकड जोडून टाकतो. पक्का चित्रकार दोरीला थोडी ढील देतो, आणि त्या ढिलाईत दोघांची वर्षानुवर्षांची सवय दिसते.

माकडवाल्याला मान होता का?

विधीपुरता. एरवी त्याची गणना समाजाच्या सगळ्यांत खालच्या थरात होई. एदोत चामड्याचं काम करणारे, भिकारी आणि बरेचसे फिरते खेळवाले एका वंशपरंपरागत प्रमुखाच्या ताब्यात असत. त्या प्रमुखाचं पदनाम दान्झाएमोन. माकडवालेही त्याच्याच अखत्यारीत. नववर्षाला दारात यावा, शुभ बोलावं, आणि मग निघून जावं, असा हा माणूस. बिनदिक्कत आत बोलावून घेण्यासारखा नव्हे.

हे सगळं ‘उत्सुबोझारु’ या क्योगेन प्रहसनात आहे. एक सरदार शिकारीला निघतो. वाटेत माकडवाला भेटतो. माकडाचं कातडं छान आहे, माझ्या भात्यावर चढवायला दे, असं सरदार म्हणतो. माकडवाला नको म्हणतो, तेव्हा सरदार बाण रोखतो. शेवटी माकडवाला म्हणतो, बाण मारलात तर कातड्याला भोक पडेल, मीच एका घावात मारतो. तो काठी उचलतो. माकडाला वाटतं, खेळ सुरू करायची खूण झाली. ते नाव वल्हवायची नक्कल करायला लागतं. माकडवाल्याला घाव घालवत नाही, तो रडायला लागतो. सरदारही विरघळतो. शेवटी माकड नाचतं आणि सरदार पंखा, तलवार, अंगावरचे कपडे बक्षीस देऊन स्वतः माकडाची नक्कल करत सुटतो.

माकडाची भूमिका क्योगेन घराण्यातलं तीन-चार वर्षांचं पोर करतं. तेच त्याचं रंगभूमीवरचं पहिलं पाऊल. त्या लोकांत म्हणतातच, माकडापासून सुरुवात आणि कोल्ह्यापाशी शेवट. कोल्ह्याची भूमिका सगळ्यांत कठीण, ती पुरेसं शिकून झाल्यावर.

तीन माकडं याच परंपरेतली का?

हो, आणि इथे आपला धागा थेट जुळतो. निक्कोच्या तोशोगू देवस्थानात पवित्र घोड्याचा तबेला आहे. त्याच्या कपाळपट्टीवर माकडांच्या आयुष्याची आठ लाकडी शिल्पं आहेत: आई पिल्लाचं भविष्य बघते तिथपासून पुढे. त्यांतलं दुसरं शिल्प म्हणजे बघू नका, ऐकू नका, बोलू नका. तबेल्यावर माकडंच का, याचं उत्तर वर आलंच आहे. जपानीत ‘झारु’ हा नकाराचा प्रत्यय आणि ‘सारु’ म्हणजे माकड, म्हणून मिझारु, किकाझारु, इवाझारु ही नावं म्हणजे सरळ कोटी आहे. गांधीजींजवळ या तिघांची छोटी मूर्ती असे, त्यामुळे आपल्याकडे ती ‘गांधीजींची माकडं’ झाली. मूळचे धंद्याने घोड्यांचे राखणदार.

माकडं सगळ्यांत चांगली कोणी काढली?

ओसाकाच्या मोरी सोसेनने, १७४७ ते १८२१. याबाबतीत वाद नाही. त्याने माकडांची केसाळ पाठ अशी काढली आहे की फुंकर मारावीशी वाटते. साठीला आल्यावर त्याने नावातलं पहिलं अक्षर बदलून त्याच उच्चाराचं, पण ‘माकड’ अर्थाचं अक्षर घेतलं. त्याची माकडं बहुधा रानातली असतात, दोरीशिवायची.

मांजरं, मासे नटांसारखे का दिसतात?

हा एदोतल्या उतागावा कुनियोशी या छापचित्रकाराचा उद्योग. त्याचं मांजरवेड प्रसिद्ध होतं. सांगतात की काम करताना किमोनोच्या पुढच्या घडीत पिल्लू असायचंच, आणि मेलेल्या मांजरांसाठी त्याने घरात देव्हारा केला होता. पण एवढंच कारण नव्हे.

१८४१ साली शोगुनशाहीने काटकसरीच्या आणि नीतिमत्तेच्या सुधारणा आणल्या. १८४२ मध्ये काबुकी नट, गणिका आणि गेशा यांची छापचित्रं काढायला बंदी झाली. म्हणजे छापखानेवाल्यांचा सगळ्यांत खपाचा मालच गेला. कुनियोशीने मग मांजरांना, कासवांना, सोनेरी माशांना हात-पाय दिले. मांजराला नट म्हणणं हा गुन्हा कसा ठरवणार?

त्याची सोनेरी माशांची मालिका याच काळातली. त्यातलं एक चित्र मला फार आवडतं. शेपटीवर उभा राहिलेला मासा ‘तामाया, तामाया’ असं ओरडत साबणाचे फुगे विकतो आहे. एदोच्या गल्ल्यांतल्या फुगेवाल्यांची ती खरी आरोळी. विनोद असा की मासा पाण्यात, आणि पाण्यात बुडबुडे विकायला निघालाय. फुगे नुसत्या कंपासने काढल्यासारख्या रेघा आहेत, कागद तसाच कोरा ठेवलेला. बाकी चित्र निळसर. त्या कोरेपणामुळेच ते हलके वाटतात.

मांजरं चेंडूचे खेळ करतात तेही चित्र त्याचंच, १८४१चं. त्या वर्षी एदोतल्या आसाकुसाच्या देवळामागच्या ओकुयामा भागात चेंडूची कसरत करणारा एक कलावंत गाजत होता. कुनियोशीने त्याचीही चित्रं काढली आणि त्याच कसरती मांजरांकडूनही करून घेतल्या. मांजरांची जास्त लक्षात राहतात.

जपानात हत्ती नसताना हत्तीची चित्रं कशी?

हत्ती आला, चालत. १७२८ साली व्हिएतनामहून एक नर, एक मादी अशी जोडी नागासाकीला उतरली. मादी तिथेच वारली. नर मात्र पुढच्या वर्षी पायी एदोला निघाला, शोगुन योशिमुनेला बघायचा होता म्हणून. वाटेत क्योटोत सम्राटाने त्याला बघितलं. दर्जा नसलेल्याला दरबारात प्रवेश नाही, म्हणून हत्तीला चौथ्या श्रेणीचं दरबारी पद दिलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे तो एदोतच राहिला आणि १७४२ साली वारला.

हत्ती क्योटोतून गेला तेव्हा त्या शहरातल्या भाजीबाजारातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा तेराएक वर्षांचा होता. तो पुढे इतो जाकुचू हा चित्रकार झाला. म्हातारपणी त्याने पडद्यांची जोडी रंगवली: एका बाजूला काठावर बसलेला पांढरा हत्ती, दुसऱ्या बाजूला समुद्रात काळा देवमासा. दोघे एकमेकांना सोंड आणि कारंजं उंचावून रामराम घालताहेत असं वाटतं. लहानपणी त्याने तो हत्ती बघितला असेल, असा तर्क बरेच जण करतात. मीही करतो.

दुसरा मोठा हत्ती आला १८६३ साली. तो मात्र निव्वळ धंद्यासाठी. एदोतल्या र्योगोकू पुलाजवळच्या मोकळ्या पटांगणात तंबू ठोकून तो दाखवला. अशा तिकीट लावून दाखवायच्या प्रकारांना ‘मिसेमोनो’ म्हणत. उतागावा योशितोयोने त्याची चित्रं काढली. एका चित्राच्या लांबलचक मथळ्यात हा हत्ती ‘मध्य तेन्जिकूतल्या मलाक्का देशात जन्मलेला’ असल्याचं म्हटलं आहे. तेन्जिकू म्हणजे हिंदुस्थान, बुद्धाचा देश. मलाक्का हिंदुस्थानात नाही, पण हत्ती म्हटला की तो बुद्धाच्या देशातलाच हवा, असा गिऱ्हाइकाचा हिशोब होता आणि छापखानेवाल्याने तो मोडला नाही.

आणि उंट?

उंटांची जोडी १८२१ साली डच जहाजातून नागासाकीला आली. १८२३ मध्ये ती ओसाकात, १८२४ मध्ये एदोत. उतागावा कुनियासूने त्यांचं चित्र काढलं. उंट बघितला, इतकंच काय त्याचं चित्र घरात लावलं, तरी देवी-गोवर टळतात अशी जाहिरात होई. म्हणजे पुन्हा तेच: करमणूकही, अंगाऱ्यासारखं संरक्षणही. उंट-उंटीण जोडीने फिरत, म्हणून नवरा-बायको एकत्र बाहेर पडले की लोक त्यांना ‘राकुदा’, उंट, म्हणायला लागले. हा शब्द पुढे धिप्पाड, आळशी, अडगळ वाटणाऱ्या माणसालाही लागला. ‘राकुदा’ नावाची एक राकुगो, म्हणजे बसून सांगायची विनोदी कथा आहे, तिच्यात तर तो माणूस सुरुवातीलाच मेलेला असतो आणि त्याच्या प्रेताला नाचवतात. ती सांगायला इथे जागा नाही, पण संधी मिळाली तर सोडू नका.

जपानी वाघ मांजरासारखा का दिसतो?

कारण समोर मांजरच असायचं. वाघाची कातडी आयात होत होती, जिवंत वाघ नाही. अंग कातड्यावरून, हालचाल घरच्या मांजरावरून. आणि बिबळ्या म्हणजे वाघाची मादी, अशी समजूत होती. १८६० साली एदोत बिबळ्या दाखवला तो ‘वाघ’ म्हणूनच.

सिंह तर जपानात कधीच नव्हता. मग सिंहाचा नाच कुठून?

‘शिशिमाई’. सिंहाची कल्पना बौद्ध धर्माबरोबर इकडून चीन-कोरियामार्गे तिकडे गेली. वाटेत सिंहाचा कुत्रा झाला, थोडा राक्षस झाला, आणि जपानात पोचेपर्यंत लाकडी जबडा टकाटक वाजवत पोरांच्या डोक्याला चावणारा देवदूत झाला. चावला की वर्षभर पोर आजारी पडत नाही, म्हणून आयाबाया मुलं पुढे करतात आणि मुलं भोकाड पसरतात.

याच कुळातला, पण माझ्या मनाला सगळ्यांत टोचणारा प्रकार म्हणजे ‘काकुबेई-जिशी’. एचिगो प्रांतातल्या, म्हणजे आजच्या निइगाता भागातल्या, त्सुकिगाता गावची पोरं. डोक्यावर छोटं लाल सिंहमुख, त्यावर कोंबड्याची पिसं. मागे ढोल वाजवणारा उस्ताद. पोरं कमान करतात, हातांवर चालतात, एकावर एक चढतात. चित्रांत, खेळण्यांत, नेत्सुके नावाच्या छोट्या कोरीव बटणांत सगळीकडे ती आहेत. १८११ साली तर काबुकीत त्यांच्यावर नृत्य बसलं आणि ते अजून होतं.

हातांवरच का चालतात? एक दंतकथा आहे. काकुबेई नावाच्या माणसाचा खून झाला. मरताना त्याने खुन्याच्या पायाचं बोट चावून तोडलं. त्याची मुलं बापाच्या खुन्याला शोधायला निघाली, आणि गर्दीत कोणाच्या पायाला बोट नाही हे बघायचं तर डोकं खाली हवं. इतिहास म्हणून यात काही नाही. खरं कारण पुराने बुडणाऱ्या शेतातलं दारिद्र्य असं गावातले लोक सांगतात. पण दंतकथा ऐकल्यापासून मला त्या चित्रांतली उलटी पोरं वेगळीच दिसतात. सगळ्यांचे डोळे लोकांच्या पायांवर.

१९३३ साली मुलांवरील अत्याचारविरोधी कायद्याने मुलांकडून रस्त्यावर असे खेळ करून घ्यायला बंदी आली आणि धंदा म्हणून हा प्रकार संपला. त्या गावात आता तो जतन म्हणून करतात.

नववर्षाच्या चित्रांत इतके खेळवाले का असतात?

त्यांचा तोच हंगाम. छापचित्रकार हिरोशिगेच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं’ या १८५६ ते १८५८च्या मालिकेत कासुमिगासेकीचं चित्र बघा. चढावरचा रस्ता, आकाशात पतंग, आणि खाली दारोदार शुभ बोलत फिरणारी दोघांची मान्झाई जोडी आणि सिंहमुख घेऊन निघालेलं दाईकागुरा पथक. त्याच मालिकेत निहोनबाशीचा रस्ता आहे, तिथे मोठ्या छत्रीखाली सुमियोशी नाच करणारे आणि त्यांच्यामागे शामिसेन हे तीन तारांचं वाद्य घेतलेली बाई. चित्र वरून काढलंय, त्यामुळे माणसांपेक्षा टोप्या आणि छत्र्याच जास्त दिसतात.

खेळांच्या नावांतही प्राणी आहेतच. घोड्याचं मुंडकं हातात घेऊन नाचणारे ‘हारुकोमा’, म्हणजे वसंतातलं शिंगरू. दारोदार गाणाऱ्या बायका ‘तोरिओई’, म्हणजे पाखरं हाकणाऱ्या. आणि नाटकांची वस्ती ‘सारुवाका-चो’, तिच्या नावात माकड. हिरोशिगेने त्या रस्त्याची पौर्णिमेची रात्र काढली आहे. नाटक सुटलेलं, सावल्या पडलेल्या, आणि रस्त्याच्या मधोमध कुत्री आणि पिल्लं.

प्राणी स्वतःच डोंबारी झालेला आहे, असं काही आहे का?

आहे की. ‘बुनबुकू चागामा’. तानुकी हा कोल्ह्याच्या कुळातला एक लबाड प्राणी, रूप बदलण्यात वस्ताद. तो चहाची किटली बनतो. किटली विस्तवावर ठेवल्यावर पाय-शेपूट फुटतात आणि पळ काढतो. मग एका गरीब भंगारवाल्याकडे राहून तो दोरीवरची कसरत करतो, हातात छत्री आणि पंखा, अंग अजून किटलीचंच. भंगारवाला श्रीमंत होतो. तातेबायाशीच्या मोरिन-जी मंदिराशी ही गोष्ट जोडलेली आहे. त्सुकिओका योशितोशी या छापचित्रकाराने आपल्या अखेरच्या भुताखेतांच्या मालिकेत याच मंदिराची किटली घेतली, पण तिथे दोरी नाही, खेळ नाही. एक म्हातारा भिक्षू बसल्या बसल्या पेंगतोय आणि झोपेत त्याचा तानुकी होत चाललाय.

कावानाबे क्योसाई या चित्रकारानेही प्राण्यांना खूप नाचवलं. सातव्या वर्षी तो काही काळ कुनियोशीकडे शिकला होता, ते दिसतं. त्याच्या एका चित्रात बेडकांनी साप पकडून खांबांना ताणून बांधलाय आणि त्याच्यावर दोरीवरचे खेळ चाललेत. साप जिवंत आहे. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीला काय वाटत असेल, हा प्रश्न त्या चित्राआधी माझ्या मनात आला नव्हता.

होकुसाईने कोंबडीकडून चित्र काढून घेतलं, हे खरं का?

गोष्ट सांगतात खरी. शोगुनसमोर त्याने लांब कागदावर निळा पट्टा ओढला, कोंबडीचे पाय लाल रंगात बुडवले आणि तिला कागदावर सोडलं. मग नम्रपणे सांगितलं, ही तात्सुता नदी, तिच्यावर वाहणारी मेपलची पानं. खरं-खोटं काही असो, होकुसाईला गर्दीसमोर चित्र काढायची हौस होती हे नक्की. १८१७ साली नागोयात त्याने लोकांसमोर अवाढव्य दारुमा, म्हणजे बोधिधर्म, काढला. त्या दिवशी तोही रस्त्यावरचा खेळवालाच.

नेत्सुके म्हणजे काय, आणि खरं कसं ओळखायचं?

किमोनोला खिसा नसतो. तंबाखूची पिशवी, औषधाची डबी दोरीने कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला जे बटण ते नेत्सुके. तीन-चार सेंटिमीटरचं. शिसवीसारख्या घट्ट लाकडाचं, हस्तिदंताचं, शिंगाचं.

एकदा एका संग्राहकाने माझ्या तळहातावर माकडवाल्याचं नेत्सुके ठेवलं होतं. माकडवाला उकिडवा बसलेला, माकड त्याच्या खांद्यावर चढून केसांत काहीतरी शोधतंय. बोट फिरवलं तर एकही टोक टोचत नाही. कापडात अडकू नये म्हणून सगळं गोल. माकडाची पाठ झिजून गुळगुळीत झाली होती, माणसाचा चेहरा मात्र शाबूत. कोणाचातरी अंगठा वर्षानुवर्षं माकडावरच फिरला असणार. उलटं केलं तर खाली दोरी ओवायची दोन भोकं, एक मोठं आणि एक लहान. गाठ मोठ्यात लपते.

ओळखायची साधी खूण हीच: भोकं आहेत का, योग्य जागी आहेत का, आणि झीज जिथे हात लागेल तिथेच आहे का. सगळीकडे सारखी काळसर ‘जुनी’ झाक असेल तर चहाच्या पाण्याचा संशय घ्या. आणि हस्तिदंताचं असेल तर भारतात विकत घेऊच नका. कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे.

हे कलावंत जपानबाहेर गेले का?

सगळ्यांत आधी तेच गेले. १८६६ साली शोगुनशाहीने परदेशप्रवासाची मुभा दिली, तेव्हा पहिल्या क्रमांकाचा पासपोर्ट सुमिदागावा नामिगोरो या खेळवाल्याला मिळाला. मुत्सद्दी नाही, व्यापारी नाही.

माकडाचे खेळ आज चालतात का?

१९६०च्या दशकात ते जवळजवळ संपले होते. १९७०च्या दशकात यामागुची प्रांतात त्यांचं पुनरुज्जीवन झालं. तिथल्याच एका माकडाने १९८७ मध्ये सोनी वॉकमनच्या जाहिरातीत डोळे मिटून गाणं ऐकलं आणि देशभर नाव कमावलं. यामागारा नावाच्या छोट्या पक्ष्याचा खेळ मात्र गेला. तो देवळाबाहेर चोचीने भविष्याची चिठ्ठी काढून देई, आपल्याकडच्या पोपटवाल्यासारखा. रानपक्षी पकडण्यावर बंदी आली आणि शिकवणारेही उरले नाहीत. माकडाला जुंपणं योग्य का, हा प्रश्न जपानातही विचारला जातो आणि विचारायलाच हवा. मी चित्र बघतो, खेळ बघायला जाईन की नाही हे अजून ठरलेलं नाही.

बघायचं कुठे?

टोकियोचं राष्ट्रीय संग्रहालय आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय यांची पुष्कळ चित्रं इंटरनेटवर मोठी करून फुकट बघता येतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी कलेचं दालन आहे. टाटांच्या संग्रहातून आलेल्या वस्तू तिथे बघायला मिळतात. गर्दी नसते. काचेला नाक लावून बघितलं तरी कोणी हटकत नाही.

एकच चित्र बघायचं तर कोणतं?

हानाबुसा इच्चो या चित्रकाराचा ‘पावसापासून आडोसा’ हा पडदा. इच्चो १६९८ साली मियाके बेटावर हद्दपार झाला आणि १७०९ साली परत आला. हा पडदा परतल्यानंतरचा. अवचित सर आली आहे. एका बड्या वाड्याच्या दरवाजाखाली जो सापडेल तो शिरला आहे: सामुराई, फिरता भिक्षू, फुलवाला, पुस्तकं विकणारा, आणि सिंहनाचवाले. एरवी ज्यांनी एकमेकांच्या सावलीला उभं राहायचं नाही ते सगळे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. बोलत कोणी नाही. सगळे पाऊस कधी थांबतो ते बघताहेत.